फरीदाबाद ते आर. के. पुरम, विहीणबाईंसोबत

दिल्लीहून आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलं? बारा दिवस राहून मी लाल किल्ला पाहिला नाही की राष्ट्रपती भवन पाहिलं नाही. मी पाहिला बदरपूरचा बसस्टॉप, आश्रमचा चौक आणि निजामुद्दीन स्टेशनचा पूल. आणि पाहिल्या विहीणबाई. त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय ही हकिगत पुढं सरकायची नाही, कारण सगळा मुक्काम माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते काही पाणी बदलल्यामुळं नव्हतं.

मी एसटीत चोवीस वर्षं कंडक्टर होते, बार्शी आगारात. अश्विनी ही माझी एकुलती एक मुलगी. तिचे वडील लवकर गेले. मी मुक्कामी गाडीवर असले की रात्री ती शेजारी झोपायची, सकाळी मी यायच्या आत शाळेत गेलेली असायची. तेव्हा वाटायचं, रिटायर झाले की पोटभर बघेन पोरीला. मी रिटायर झाले तोवर तिला दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी लागली, लग्न झालं आणि ती फरीदाबादला सासरी राहायला गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

फरीदाबाद, गुरुवार

जावई कामानिमित्त महिनाभर बाहेरगावी होते. घरात अश्विनी आणि तिच्या सासूबाई, शैलाताई. शैलाताईंचा जन्म दिल्लीचा. लक्ष्मीबाई नगर आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यांचं आयुष्य गेलं, नोकरीही तिकडेच. मराठी छान बोलतात, पण मध्येच ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ पेरतात. मुलगा त्यांना मम्मी म्हणतो, म्हणून अश्विनीही मम्मी म्हणते. हे मला बरं वाटलं होतं. निदान ‘आई’ तरी माझ्याकडे राहिली.

पहिल्या संध्याकाळी अश्विनी ऑफिसातून आली तेव्हा मी चहा टाकला. आलं किसून घातलं, दोन चमचे साखर घातली, तिला लहानपणापासून आवडतो तसा. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“आई, काय हे! सरबत केलंयस का?”

“अगं, तुला गोड लागतो ना?”

“दोन वर्षं झाली साखर सोडून. तुला काही लक्षातच राहत नाही.”

शैलाताई शांतपणे उठल्या आणि तिच्यासाठी बिनसाखरेचा दुसरा चहा करून आल्या. “ले बेटा,” म्हणाल्या. आणि अश्विनी म्हणाली, “थँक्यू मम्मी.” किती गोड म्हणाली! माझ्या पोटातलं दुखणं तिथून सुरू झालं.

त्याच रात्री जेवताना कळलं की शुक्रवारपासून तिच्या मेट्रोचा तुकडा पंधरा दिवस बंद राहणार. रुळांचं काम. फरीदाबादहून बदरपूरपर्यंत गाडी जाणार, पुढची काही स्टेशनं बंद. तिचं ऑफिस आर. के. पुरमला, म्हणजे दिल्लीच्या पार दुसऱ्या अंगाला. साडेनऊला मशीनवर अंगठा लागला नाही, तर अर्धी रजा कापतात.

“तर काय, कापू देत की अर्धी,” मी म्हटलं.

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. “आई, मे महिन्यात बार्शीला यायला दहा रजा जमवून ठेवल्यात मी. त्यातल्याच जातील.”

लग्नाला चार वर्षं झाली, त्यात ती माझ्याकडे दोन रात्रींपेक्षा जास्त राहिलेली नाही. दहा दिवस! मी घास हातात धरून बसले. त्या क्षणापासून दिल्लीची मेट्रो हा माझा घरगुती प्रश्न झाला.

फरीदाबाद, शुक्रवार

अश्विनीनं मोबाइलला रस्ता विचारला आणि तसं केलं. मोबाइलनं तिला बदरपूरला उतरवून बंद स्टेशनांच्या बदली सोडलेल्या कुठल्याशा बसमध्ये बसवलं. बस खच्चून भरलेली, तिनं तीन ठिकाणी रस्ता बदलला, आणि पोरगी दहाला दहा कमी असताना पोचली. अर्धी रजा गेली. साडेनऊ दिवस उरले.

संध्याकाळी मी ठरवलं, आता हे मोबाइलवर सोडायचं नाही. मी एका रेघी कागदावर फेरीपत्रक आखायला घेतलं, आमच्या आगारात लागतं तसं: कुठून किती वाजता सुटायचं, कुठं किती मिनिटं थांबायचं, कुठं गाडी बदलायची. बदरपूरहून मथुरा रोडनं आश्रमपर्यंत बस, तिथून रिंगरोडची मुद्रिका बस पकडून थेट आर. के. पुरमच्या नाक्यावर. रस्ता नकाशावर सरळ दिसत होता. आडवळणाच्या घाटांत चोवीस वर्षं घालवलेल्या बाईला सरळ रस्ता भिववत नाही.

शैलाताई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “मी काय म्हणते, इथून लोकल घ्यायची निजामुद्दीनपर्यंत. तिथून रिंग रेल्वे मिळते, सेवा नगर, लोधी कॉलनी करत सरोजिनी नगर. पुढे दहा मिनिटं बस. आम्ही वर्षानुवर्षं गेलो.”

“कुठली रेल्वे, मम्मी?” अश्विनीनं विचारलं. चार वर्षं दिल्लीत राहून तिनं त्या गाडीचं नावही ऐकलं नव्हतं.

“है ना, बिल्कुल आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी. फक्त कोणी बसत नाही.”

“कुणी बसत नाही त्या गाडीचा काय भरवसा?” मी म्हटलं. “रेल्वे चुकली की चुकली. बस एक गेली तर मागून दुसरी येते.”

“अच्छा,” एवढंच शैलाताई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. त्या वाद घालत नाहीत. ह्या बाईशी भांडायचं तरी कसं, हेच मला कळत नव्हतं.

अश्विनीनं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “उद्या सुट्टी आहे. दोघी जाऊन बघून या ना, आईच्या रस्त्यानं आधी.” आईच्या रस्त्यानं! मी कागद फ्रिजवर चिकटवला. झोपताना पुन्हा एकदा उठून बघितला.

बदरपूर, शनिवार

मार्च लागला होता. हवा अजून गोड होती. मथुरा रोडच्या कडेला कडुनिंबाची पानं गळून रस्त्यावर पिवळा थर झाला होता आणि एका ठिकाणी सावर लालभडक फुलली होती. शैलाताई म्हणाल्या, “सेमल.” मी म्हटलं, “आपल्याकडे सावर.” त्या थांबल्या. “हो हो, सावर! माझी आई म्हणायची. मी विसरूनच गेले होते.” त्यांना तो शब्द परत मिळाल्याचा इतका आनंद झाला की मला उगीच आपण काहीतरी देऊन बसलो असं वाटलं.

बदरपूरला मेट्रोतून उतरलेली सगळी माणसं रस्त्यावर आली होती. दिल्लीत बसला रांग नसते. बस दिसली की माणसं तिच्या दिशेनं चालायला लागतात आणि ती कुठं थांबेल ते ड्रायव्हर ठरवतो. दुसरी गंमत म्हणजे इथला कंडक्टर जागचा हलत नाही. मागच्या दाराशी त्याची खुर्ची, तो तिथं बसून राहणार आणि पब्लिक त्याच्याकडे जाऊन तिकीट घेणार! आम्ही चोवीस वर्षं गाडीभर फिरलो, कमरेला पट्ट्याचे वळ पडले, आणि हा गडी मजेत चणे खातोय. त्याच्याकडे बघूनही माझा जळफळाट झाला. त्या दिवसांत मला कुणाचंच बघवत नव्हतं.

बस आली. मी पुढं घुसले, मला गर्दीची सवय आहे. शैलाताईंचा गुडघा दुखतो, त्या मागं राहिल्या. मी पायरीवर चढून दाराशी उभी राहिले. माझ्या मागून दोन बाया आणि एक म्हातारा चढला. आणि माझ्या हातानं दाराशेजारच्या पत्र्यावर ठक ठक असे दोन ठोके दिले, आणि तोंडातून आवाज निघाला, “चला!”

दोन ठोके म्हणजे निघा. हे बार्शीत जसं आहे तसंच बदरपुरात आहे. ड्रायव्हरनं दार लावलं आणि गाडी सोडली. शैलाताई खाली, एक हात वर केलेला.

सवयीनं झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. इथं खरं सांगते. सवय होतीच, पण ठोके देण्याआधी मी खाली पाहिलं होतं. त्यांच्या साडीचा हिरवा काठ मला दिसला होता.

मी ओरडले, थांबा, थांबा, रोको. कंडक्टर खुर्चीतून म्हणाला, “मैडम, आपने ही तो चलवाई है!” गाडीतली माणसं हसली. पुढच्या स्टॉपवर उतरून मी उलटी चालत निघाले. फोन लावला तर त्या उचलत नव्हत्या. ऊन चढलं होतं. बाई रस्त्यात पडली असेल, कुणी धक्का दिला असेल, अश्विनी काय म्हणेल, असं सगळं मनात येत होतं. खरं तर सगळ्यात जास्त तेच शेवटचं येत होतं.

स्टॉपवर पोचले तर शैलाताई कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसून छोले-कुलचे खात होत्या. सायकलच्या गाडीवरचा माणूस त्यांच्याशी गप्पा मारत होता. मला बघून त्यांनी त्याला सांगितलं, “भैया, एक प्लेट और. बहनजी पैदल आई हैं.”

मी बसले. घामानं निथळत होते. कुलचा मऊ, छोल्यांवर कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची. खोटं कशाला बोलू, फार चवदार होतं.

“शैलाताई, चुकलं माझं,” मी म्हटलं.

त्यांनी कांद्याची फोड उचलली. “मुद्दाम केलंत?”

“नाही.” मग म्हटलं, “थोडंसं.”

त्या हसतील किंवा उठून जातील असं वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. त्या म्हणाल्या, “मला कळतं. तुमच्या जागी मी असते तर पार आश्रमपर्यंत उतरले नसते.”

“तुम्हाला काय कमी आहे? पोरगी तुमच्यापाशी. साखर किती, मीठ किती, सगळं तुम्हाला ठाऊक. मला तर ती येता-जाता खेकसते.”

शैलाताईंनी पत्रावळ बाजूला ठेवली. “तेच तर. तुमच्यावर खेकसते. चार वर्षं झाली, माझ्यावर एकदा चिडली नाही. एकदा नाही! हो मम्मी, थँक्यू मम्मी, सॉरी मम्मी. मी भाजीत दोनदा मीठ घातलं तरी गुपचूप खाते. घरात मेहमानासारखी राहते. रोज रात्री तुमचा फोन आला की तिकडच्या खोलीतून तिचा आवाज येतो. ‘आई, तुला कितीदा सांगितलं, आई, तू ऐकतच नाहीस.’ मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकते.”

 मी कुलचा तोडत राहिले. आतून मात्र, लाज वाटते सांगायला, बरं वाटत होतं.

मग पुढच्या बसनं आश्रमपर्यंत जाऊन आलो, रस्ता मोकळा मिळाला. घरी गेल्यावर त्यांनी अश्विनीला एवढंच सांगितलं की गर्दीत बस सुटली. तरी अश्विनी माझ्यावर उखडली. “आई, तू पुढं घुसलीच असशील! मम्मींचा गुडघा माहीत आहे ना तुला? जरा मागं बघता येत नाही?” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. वर पाहिलं तर शैलाताई ओट्याशी उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, भुकेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशा.

आश्रम चौक, सोमवार

सोमवारी माझ्याच फेरीपत्रकाप्रमाणे जायचं ठरलं, आणि ते शैलाताईंनीच ठरवलं. “इतकी मेहनत केलीय त्यांनी, एक दिन करून तर बघ,” म्हणाल्या. फक्त हळूच एवढं पुसलं, “शनिवारी सरकारी दफ्तरं बंद होती ना. सोमवारी रस्ता तसाच राहील?”

हा प्रश्न मला पडायला हवा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी फेरीला पंधरा मिनिटं जादा धरायची हे मी नव्या पोरांना शिकवलेलं. पण तेव्हा तो प्रश्न त्यांनी विचारला होता, म्हणून मला तो ऐकायचा नव्हता. मी अश्विनीबरोबर निघाले.

आश्रमच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. पुढं बस, मागं बस, मध्ये स्कूटरवाले बोटभर फटीतून जाणारे. एका रिक्षात एक माणूस दाढी करत होता. अश्विनी दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत होती. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. ती काही बोलली नाही, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. शेवटी म्हणाली, “आई, तुझा तो कागद फ्रिजवरून काढ.”

मुद्रिका मिळाली तोवर दहा वाजून गेले होते. नऊ दिवस उरले. तो अर्धा दिवस दुसऱ्या कुणी कापला नव्हता, मी माझ्या हातानं कापला होता. तिला ऑफिसच्या फाटकात सोडून मी आर. के. पुरमच्या एका बागेत जाऊन बसले. समोर क्वार्टरच्या गॅलरीतून एक बाई दुसरीला तमिळमध्ये काहीतरी ओरडून सांगत होती, खालून तिसरी हिंदीत उत्तर देत होती. आमच्याकडे एवढ्या ओरडण्यात दोन भांडणं झाली असती. मला कुणाशी तरी भांडायचं होतं, पण तिथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

निजामुद्दीन, मंगळवार

मंगळवारी शैलाताईंचा रस्ता. निजामुद्दीनला रिंग रेल्वेचा फलाट नवख्याला सापडत नाही, म्हणून त्या स्वतः दाखवायला निघाल्या. मला जायचं काही कारण नव्हतं. पण त्या दोघीच जाणार हे मला बघवेना, म्हणून मीही चप्पल घातली.

फरीदाबादहून लोकल वेळेवर निघाली. रोजच्या प्रवाशांनी ब्रीफकेस मांडीवर आडवी ठेवून पत्ते मांडले. बायकांच्या डब्यात एकीनं मला तिच्या डब्यातला मेथीचा पराठा देऊ केला, नाव-गाव न विचारता. मी तिला शेंगाचटणी दिली. तिचे डोळे पाण्यानं भरले तरी ती “बढ़िया है” म्हणत राहिली.

मध्ये कुठंतरी सिग्नलला गाडी सात-आठ मिनिटं उभी राहिली. निजामुद्दीन आलं तेव्हा रिंग रेल्वे सुटायला चार मिनिटं होती, आणि ती पलीकडच्या फलाटावर. ती गेली की सकाळची दुसरी नाही. जिन्यावर माणसांची भिंत. अश्विनी गर्दीत अडकली, तिच्यामागं मी.

शैलाताई कुठं दिसेनात. मग पुलाच्या टोकाला त्यांचा अंबाडा दिसला. दुखरा गुडघा घेऊन, साडी एका हातानं उचलून, पलीकडचा जिना त्या जवळजवळ धावत उतरत होत्या. सगळी गर्दी त्यांनी कशी ओलांडली देव जाणे. दोन पायऱ्या राहिल्या असताना त्यांचा पाय मुडपला. त्यांनी कठडा धरला, सावरल्या, आणि तशाच लंगडत गाडीपाशी गेल्या. शेवटच्या डब्याशी उभ्या असलेल्या गार्डला हात जोडून म्हणाल्या, “भैया, एक मिनट. बहू आ रही है. उसकी छुट्टी का सवाल है.”

गार्डनं घड्याळ पाहिलं. हिरवा झेंडा त्याच्या काखेत होता. तो नुसता उभा राहिला. आम्ही दोघी धापा टाकत येऊन चढलो, आणि मग गाडी निघाली.

डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीबाहेर क्वार्टर्सची मागची अंगणं सरकू लागली, वाळत घातलेले कपडे, तुळशीच्या कुंड्या, दात घासणारी माणसं. अश्विनी बसली नाही. ती शैलाताईंसमोर उभी राहिली आणि तिचा आवाज अख्ख्या डब्यात घुमला.

“मम्मी, वेड लागलंय का तुम्हाला? कुणी सांगितलं होतं धावायला? पडला असतात म्हणजे? डॉक्टरांनी जिना उतरू नका म्हणून सांगितलंय, ते काय भिंतीला सांगितलंय? किती वेळा सांगायचं! ऐकायचंच नाही ना कुणाचं!”

“अगं, तुझी रजा...”

“खड्ड्यात गेली रजा! दाखवा इकडे गुडघा. सुजलाय बघा. घरी जाऊन बर्फ लावायचा, आणि काम करायचं नाही, समजलं? मला फोन करून सांगायचं, लावला म्हणून.”

 शैलाताई तिच्याकडे बघत होत्या. गुडघा दुखत असणार, डोळ्यांत पाणीही होतं, पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की तो मी लग्नाच्या मांडवातही पाहिला नव्हता. अश्विनीनं खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चोळत चोळत आणखी बोलू लागली, तोंडाचा पट्टा थांबेना.

नऊचे नऊ दिवस शाबूत राहणार, हे मला त्या डब्यातच कळलं. मे महिन्यात ती बार्शीला येणार, माझ्याच घरी झोपणार. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते ह्या बाईनं मिळवून दिलं होतं. मी बॅग पोटाशी धरून दाराजवळ उभी होते. मीही धावले होते. माझाही श्वास अजून खाली बसला नव्हता.

लोधी कॉलनी गेल्यावर अश्विनीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती जरा सरकली, बाकावरची जागा हातानं पुसली आणि म्हणाली, “आई, ये ना, बस इथं. दमली असशील. पाणी देऊ का तुला?”

इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती.